गाळलेली पानं

जेसिंताने दोन पानं एकदम उलटली. जाणूनबुजून. समोर खाटेवर बसलेल्या आंधळ्या बापाला काय कळणार, असं मनाशी म्हणत तिने पुढच्या पानावरचे सूर वाचायला घेतले, ‘‘सोल, सोल, ला, फा...’’

अकरा वर्षांत तिने अशी लबाडी कधी केली नव्हती. पण आज पाचच्या आत मडगावला फोन करायचा होता. तिथल्या मुलींच्या होस्टेलला मेट्रन हवी होती. राहायला खोली, खिडकीखाली वाहता रस्ता, बोलायला चाळीस पोरी. ‘‘काय ते पाचपर्यंत कळवा,’’ असं होस्टेल चालवणाऱ्या सिस्टरने बजावलं होतं. उत्तर ‘नाही’ हेच होतं. पण ते कळवायलासुद्धा या घरात फुरसत मिळू नये?

तिच्या बापाने, विन्सेंट मास्तरांनी, उभी हयात मालवणात चर्चच्या पोरांना गायन शिकवण्यात घालवली, आणि पगार ऑपेराची जुनी छापील पुस्तकं जमवण्यात. ऑपेरा म्हणजे इटालियन लोकांचं संगीत नाटक. पुस्तकात शब्द असतात आणि शब्दांच्या डोक्यावर सुरांचे ठिपके. गोव्यात एखादं जुनं घर विकायला निघालं की मास्तर एसटीने हजर. लोक तिथून शिसवी खुर्च्या न्यायचे, हे कसर लागलेली पुस्तकं आणायचे. दोनशेवर पुस्तकं झाली. ऑपेरा मात्र त्यांनी जन्मात एकदाही पाहिला नव्हता. ठिपके वाचले की सगळं कानात वाजतं, म्हणायचे.

मग काचबिंदूने डोळे गेले. ‘‘बाय, जरा सूर वाचून दाखय गो,’’ मास्तर एका दुपारी म्हणाले, आणि जेसिंता अडकली ती अडकलीच. रोज दोन ते पाच. रविवार नाही, चर्चचं फेस्त नाही, अंगात ताप असला तरी सुटका नाही. शेजारची सिल्व्हिया मास्तरांचं जेवणखाण बघायला कधीची तयार होती. पण तिला सूर कुठे वाचता येतात? आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. इथे देवाने ते काम जेसिंतावर ढकललं होतं. बोलायची सोय नव्हती. म्हाताऱ्याला दुसरा आनंद तो कुठला! तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिला त्या पुस्तकांचा मनापासून तिटकारा आला होता, आणि त्या तिटकाऱ्याची तितकीच लाज वाटायची. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती.

खाटेच्या कडेवर ताल धरणारं मास्तरांचं बोट थांबलं.

‘‘बाय, दोन पानां खंय गेली?’’

‘‘चिकटली असतली, पापा.’’

मास्तरांनी ती गाळलेली दोन पानं स्वतःच म्हणायला सुरुवात केली. जेसिंता घाईघाईने मागच्या पानांवर गेली आणि ओळीओळीवरून बोट फिरवू लागली. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही.

‘‘पापा, ह्यां तुका पाठ आसा?’’

‘‘सगळीच पाठ आसत. डोळे जावच्या आधीपासून.’’

पुस्तक तिच्या मांडीवरून खाली घसरलं. ते तिने उचललं नाही.

‘‘मगे माका कित्याक वाचूक लायलंस?’’

‘‘तुझां लगीन मोडलां, तेव्हा दोन म्हयने तू कोणाशी बोलाक नाय. धड जेवक नाय. म्हटलां, वाचूक लायलां तर तोंड तरी उघडशीत. उघडलंस. मगे वाटलां, तुका ह्याचोच आधार आसा. बंद केलां तर परत गप्प बसशीत.’’

जेसिंताला हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदमच आलं. डोळे पुसत ती म्हणाली, ‘‘पापा, माका मडगावात नोकरी गावता. पाचच्या आत सांगाक व्हया.’’

मास्तरांनी चाचपत उशी ओढली. खाटेवर आडवे झाले आणि भिंतीकडे कूस वळवली.

‘‘मगे सांग बेगीन. अकरा वर्सां मी दुपारचो निजूक नाय गो.’’