डक्टातली बुरशी

तीर्थपुरीत लालमियाँच्या घरी कुलर साफ करायला गेल्तो. बायकोला खोकला येतो म्हणून गड्यानं गेल्या उन्हाळ्यात बिडी सोडल्ती, पण औंदा कुलर लावला की तिचा खोकला पुन्हा सुरू. तो वर गच्चीवर कुलरची टाकी घासत होता. मी खाली खोलीत, गच्चीवरच्या कुलरची हवा खाली आणणाऱ्या डक्टची जाळी काढली, तर आत काळीकुट्ट बुरशी.

"भाभी, खोकला हिच्यामुळं हाय, बिडीमुळं न्हाई. हे घासून देतो. रोज कुलर बंद करायच्या आधी पाणी बंद करून अर्धा तास नुसता पंखा चालवा. आतून सुकलं की बुरशी धरत न्हाई."

अजीजुन्निसाभाभी हळूच म्हणाली, "मच्छिंद्रभाई, त्यान्ला सांगू नका. सुटली ती सुटू द्या."

वरून डक्टातून लालमियाँचा आवाज आला, "सगळं ऐकू येऊन राह्यलं. न्हाई पीत बिडी, पण च्या तरी टाक."