किलोवाली की लिटरवाली?

“मोलॅलिटी म्हणजे काय?” तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं.

“एक किलो द्रावकात विरघळलेल्या पदार्थाचे मोल,” शर्वरीने घडाघडा सांगितलं.

“चूक! मी मोलॅलिटी नाही, मोलॅलिटी विचालली.”

आता ही परीक्षाही गेली, असं तिला वाटलं. रसायनशास्त्रात ती एकदा नापास झालीच होती. पण ‘विचालली’ ऐकलं आणि डोक्यात प्रकाश पडला. सरांना मोलॅरिटी म्हणायचं होतं. ‘र’ काही जिभेवर येत नव्हता.

“सर, लिटरवाली सांगू का?” हसू गिळत तिने विचारलं.

“तीच, तीच! लिटलवाली!” सरांचा चेहरा खुलला.

“एक लिटर द्रावणातले मोल.”

सरांनी पैकीच्या पैकी गुण मांडले आणि कौतुकाने विचारलं, “नाव काय तुझं?”

शर्वरी क्षणभर घुटमळली. “घरी सोनू म्हणतात, सर.”