चार वेळा एकोणसाठ

कळंब्यापलीकडच्या वाडीहून येणाऱ्या आक्काताईला १९७३ साली गणिताच्या चारही चाचण्यांत एकोणसाठ गुण मिळाले. साठ किंवा जास्त गुण मिळवणाऱ्यांसाठी नव्या मुख्याध्यापकांनी कोल्हापुरातल्या या शाळेत वेगळी 'हुशार तुकडी' काढली होती. उरलेल्यांच्या नावापुढे अहवालात 'बुद्धीची मर्यादा' असे लिहून ते मोकळे झाले होते. गणिताच्या कालिंदीबाईंना मात्र एकच आकडा चारदा येणे हा योगायोग पटेना. पेपरात कोरी सोडलेली तीन उदाहरणे त्यांनी तिला फळ्यावर घातली. पोरीने ती पाच मिनिटांत सोडवली.

“मग पेपरात का गं सोडून दिलीस?”

“सोडवली असती तर साठाच्या वर गेलं असतं की, बाई.”

“जाऊ देत की! हुशार तुकडीत बसशील.”

“बसतो की. पण मग घरला कसं जाऊ? अंधारात चालत आलीस तर शाळा बंद, म्हंत्यात आबा.”

बाईंनी अहवाल मागवला आणि 'बुद्धीची मर्यादा' हे शब्द खोडून वर लिहिले : “हुशार तुकडीचा जादा तास साडेसहाला सुटतो. विद्यार्थिनीच्या वाडीची शेवटची एस.टी. सहाला निघते.”