पंख्याचं बटण

गाडीच्या रेडिएटरचा पंखा आपोआप लागेना, म्हणून गिऱ्हाइकाला तो चालू करायला डॅशबोर्डवर बटण हवं होतं. गॅरेजवाल्याच्या लेकीने बॅटरीजवळ फ्यूज टाकला, सगळा भार बटणावर येऊन वायर पेटू नये म्हणून मध्ये रिले बसवला. बाबांनी प्रत्येक जोड ओढून पाहिला. नाव ठेवायला जागाच नव्हती.

गिऱ्हाइकाने बटण दाबलं आणि पंखा घुमला.

"वा! कुणी केलं हो हे?"

ती हात पुसत पुढे आली. तेवढ्यात बाबा म्हणाले, "आमच्या मुलाने. चांगला हात बसलाय त्याचा. आत्ताच बाहेर गेला."

गिऱ्हाईक तिच्याकडे वळून हसलं. "भावाकडून शिकून घे गं थोडं!"

 

तिला भाऊच नव्हता.