भर रस्त्यातली सुटका

रोममध्ये न्यायाधीश स्नानाला निघाले होते. वालेरियाबाईंनी भर रस्त्यात त्यांची पालखी अडवली. बाईंची गुलाम क्लोए शेजारी पोट धरून वाकली होती.

“हिला आत्ता मुक्त करा. कळा सुरू झाल्यात.”

“बाई, उद्या कचेरीत या.”

“उद्या काय उपयोग? गुलाम आईच्या पोटी गुलामच जन्मतो, हा तुमचाच कायदा. आणि वाटेत गाठूनही मुक्त करता येतं, हाही तुमचाच!”

न्यायाधीशांना हसू आलं. त्यांच्या शिपायानं मुक्तीच्या रीतीप्रमाणे क्लोएच्या डोक्याला काठी टेकवली. झाली ती मुक्त.

परतताना दर कळेला थांबत क्लोए विचारू लागली, “बाईसाहेब, काठी माझ्या डोक्याला लागली. पोटातल्याला कसं कळलं असेल हो?”

“विचार त्यालाच, बाहेर आल्यावर. चल आता!”

दिवेलागणीला मुलगी झाली. क्लोएनं तिचं ओलं जावळ हुंगलं. मग त्या घरातली प्रत्येक गुलाम आई करायची तसंच, मालकिणीची वस्तू मालकिणीला सोपवावी तसं, तिनं बाळ बाईंपुढे धरलं.

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“मला कशाला देतेस? तुझी आहे ती.”