उन्हावरचा हीटर

लाइन गेली आणि त्याच क्षणी हीटर विझला. बाहेर डिसेंबरचं लख्ख ऊन पडलं होतं. उद्धवरावांनी मांडीवरची शाल बाजूला सारली. दहा दिवस ते याच घटकेची वाट बघत होते.

जावई म्हणाला होता, हा हीटर गच्चीवरच्या सोलर पॅनलवर चालतो, उन्हाला कुणी मालक नसतो, तेव्हा अप्पांनी खुशाल शेकत बसावं. जावयाचं नाव बुद्धरत्न. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. दीपमालाने आठ वर्षांपूर्वी त्याच्याशी लग्न केलं तेव्हा उद्धवराव लग्नाला गेले नव्हते, आणि नंतरही त्यांनी ताथवड्याच्या या घरात पाऊल टाकलं नव्हतं. पण यंदा छातीने दगा दिला. पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी साफ सांगितलं, थंडी आणि धूर दोन्हीपासून लांब राहा, नाहीतर हा हिवाळा निघायचा नाही. गावाकडच्या घरात गारठाही होता आणि शेगडीचा धूरही. बायको जाऊन चार वर्षं झालेली. यावंच लागलं.

आले, पण बाजरीचं पोतं, डाळ, तेलाचा डबा, चहा-साखर आणि स्वतःचा तांब्या घेऊन आले. लेकीच्या घरचं खाऊ नये अशी आपली रीत आहे, असं म्हणायचे. त्या रीतीआड काय दडलंय ते दीपमालाला पक्कं ठाऊक होतं आणि ते तिला फार लागायचं. तरी ती मुकाट्याने त्यांच्याच पोत्यातली बाजरी दळून आणायची आणि भाकरी थापायची. खोलीत हीटर आणून ठेवला तर उद्धवरावांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि खोकत, कुडकुडत बसून राहिले. मग दोन दिवसांनी गच्चीवर पॅनल आलं, भिंतीवर नवा बोर्ड बसला. उन्हाचं नाव ऐकल्यावर मात्र ते हळूच हीटरपुढे सरकले. ऊन काही जावयाच्या खिशातलं नव्हतं!

संशय तेव्हापासूनच होता. चौतीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर काढलेला माणूस तो. पॅनल आलं त्याच दिवशी त्यांनी गच्चीत जाऊन ते वितीने मोजलं होतं. एवढ्याशा तुकड्यावर दोन पंखे फिरले तरी पुष्कळ, आणि हीटर म्हणजे वीज खाणारा बकासुर. ढग आले तरी त्याची कांडी लालबुंद. संध्याकाळीही लालबुंद. विचारलं, तर जावई म्हणे बॅटरी आहे. बॅटरी कुठं आहे? तर म्हणे पाण्याच्या टाकीमागे. याचं प्रत्येक उत्तर तयार असायचं, आणि तयार उत्तरं देणाऱ्या माणसावर उद्धवरावांनी जन्मात भरवसा ठेवला नव्हता.

आज गुरुवार. कारखान्यांना सुट्टी आणि लाइनला दुरुस्ती, इकडे दोन्ही एकाच दिवशी. मागच्या गुरुवारी ते तपासणीला दवाखान्यात होते, म्हणून संधी हुकली होती. पण नुसता हीटर विझला म्हणून कुणाला लबाड ठरवायचं नाही, आधी वायर बघायची, हा त्यांनी नोकरीत पाळलेला नियम. दर चार पायऱ्यांवर दम खात ते गच्चीवर पोचले.

टाकीमागे बॅटरी नव्हती. एक फुटकी कुंडी होती. पॅनलची वायर एका पाइपात शिरली होती. उद्धवरावांनी ती धरून ओढली. हातभर वायर बाहेर आली आणि तिचं टोकही आलं, काळी टेप गुंडाळलेलं.

झालं. आता पिशवी भरायची आणि दुपारची एसटी धरायची. गावात गारठ्याने मरू, पण मिंधे होऊन राहायचं नाही. रागापेक्षा त्यांना लाजच जास्त वाटत होती. दहा दिवस आपण याच माणसाच्या विजेवर शेकत होतो.

तेवढ्यात बुद्धरत्न धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन वर आला.

"हे काय हाय?" उद्धवरावांनी वायरचं टोक त्याच्यापुढे धरलं. "पॅनल कशालाच जोडलेलं न्हाई!"

"नाही जोडलेलं," बुद्धरत्न म्हणाला. "भोसरीच्या भंगारवाल्याकडून आणलंय. बंदच आहे ते."

"म्हंजी म्हातारं खुळं हाय, त्याला काय कळतंय, असंच ना?"

बुद्धरत्नने बादली खाली ठेवली. "अप्पा, चौतीस वर्षं खांबावर काढलेल्या माणसाला वायर कळणार नाही, असं समजायला आम्ही काय खुळे आहोत? तुम्ही पॅनल मोजत होतात तेव्हा मी जिन्यातच उभा होतो. तुम्ही मोजलंत, मान हलवलीत, खाली आलात आणि हीटरपुढे बसलात. मी दीपमालाला म्हटलं, अप्पांना कळलंय, तरी बसलेत. आता कुणी काही बोलायचं नाही."

कळूनही आपण बसलो, हे उद्धवरावांनी आजवर स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. घसा खाकरून त्यांनी दोरीवरच्या चादरीकडे पाहिलं, मग शेजारच्या इमारतीकडे. जावयाकडे बघणं काही केल्या जमेना.

खालून दीपमालाची हाक आली, "अप्पा, कुठं आहात? लाइन आली!"

उद्धवराव खाली वाकले. हातातली वायर त्यांनी पुन्हा पाइपात खोचली आणि बोटाने पार आत ढकलली.

"जरा खोलवर तरी खोचायची," ते जावयावर डाफरले. "एखाद्या जाणत्या माणसानं बघितली असती म्हंजी?"