कोरडी जागा

"माळ्यावर ठेवूया, आये," विनोद म्हणाला. "पत्रे नवे घातलेत. खालून चुलीची ऊब लागते. ह्याच्याहून कोरडी जागा गावात नाय."

गुणवंती सुका जवळा पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही. "तू सांगू नको. मीठ सांगेल."

वाटीभर खडेमीठ जागेवर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. पाणी सुटलं तर जागा दमट. सुकं म्हावरं कुठे ठेवायचं ते ती असंच ठरवायची. तिच्या सुक्यात अळी झाली असं म्हणायची आंजर्ल्यात कुणाची छाती नव्हती.

ह्या खेपेला ठेवायचे होते थोरल्या अजिंक्यचे गेम. कॉम्प्युटरचे, तीनशे बारा. शाळेत असल्यापासून त्याने एकेक करून जमवलेल्या सीड्या, त्यांच्या डब्या, दोन हार्डडिस्क. दोन पत्र्याच्या ट्रंका भरल्या होत्या. वैशाखात बोट घरामागच्या किनाऱ्यावर ओढली तेव्हा गुणवंतीने त्या बोटीच्या बर्फाच्या खणात ठेवायला लावल्या. खणाला आतून फायबर, वर झाकण, झाकणावर ताडपत्री. घराचे पत्रे तेव्हा गळके होते.

"ट्रंका उघडायच्या नायत," तिने बजावलं होतं. "हवा लागते."

आता नारळी पौर्णिमेला पाच दिवस राहिले होते. खण रिकामा झाल्याशिवाय बर्फ भरता येत नव्हता, आणि बर्फाशिवाय बोट जाणार कशी?

शिमग्याआधी जाळं ओढताना अजिंक्य बोटीवरून पडला. सापडला नाही. त्या दिवशी पाळी विनोदची होती. तो घरात खेळत बसलेला, म्हणाला, एवढा डाव संपू दे. थोरला हसला. "खेळ. पण माझ्या सीडीला काय झालं तर बघ." आणि त्याच्या जागी गेला.

विनोद तेव्हा रडला नाही, नंतरही नाही. पुन्हा कधी खेळला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा, हाक मारली की ओ द्यायचा. एवढंच म्हणायचा, की दादाची एकही सीडी खराब होता नये. त्या सगळ्या कोरड्या जागी ठेवीन, मगच बोट पाण्यात लोटीन.

अजिंक्यचा मित्र सर्वेश दापोलीहून आला. त्याचं तिथे कॉम्प्युटरचं दुकान. "काकी, माझ्याकडे द्या. दुकानात एसी आहे."

"तू एक गेम नेलास त्याला तीन वर्षं झाली," गुणवंती म्हणाली. "एक परत येत नाय, तीनशे कुठले येतायत? न्यायचंच असेल तर ह्याला ने. दिवसभर बोटीकडे बघत खांबासारखा उभा असतो."

सर्वेश हसला. "ये की रे विनोद. मला माणूस हवाच आहे."

विनोद हसला नाही. "मी बोटीवर जाणार," म्हणाला.

मग तिने मंडणगडला लेकीला फोन लावायला सांगितला. तिथे डोंगर, खारी हवा नाही. विनोदने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"नेत्रा गो, एका वाटीत मीठ ठेव. आणि नीट बघून सांग. एकच भाऊ उरलाय तुला."

 पलीकडून नेत्रा म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी तिने विनोदलाच कळवलं, "इथे पण पाणी सुटलं रे."

घरच्या वाट्या विनोदने स्वतः मांडल्या. गुणवंतीच्या लग्नातल्या, सगळ्या एकसारख्या, प्रत्येकीवर तिचं नाव कोरलेलं. तिला वाचता येणारा तेवढाच शब्द. एक कपाटात, एक खाटेखाली, एक माळ्यावर, आणि एक खणात, ट्रंकेवर.

"माळ्यावरची तूच बघ बाबा," ती म्हणाली. "माझे गुडघे गेले. शिडी चढवत नाय."

बंदरावरून आला की विनोद चारही वाट्या बघायचा. कपाटात पाणी. खाटेखाली पाणी. माळ्यावर तर वाटीभर पाणीच. खणातलं मीठ तेवढं पांढरं, खडा न् खडा सुटा.

त्याने पत्र्यांचे सांधे बोटांनी चाचपले. कुठे गळत नव्हतं. "असं कसं, आये?"

"खाडीची हवा ती. तिला काय कडी लावशील?"

त्याने माळ्यावरची वाटी पुसून नवं मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी म्हातारा खलाशी धाकू अंगणात येऊन उभा राहिला. "विनोद, आज सांग. खण रिकामा होत नसेल तर आम्ही चौघं दुसऱ्या बोटीवर जातो. मग ह्या वर्षाला माणूस मिळायचा नाय तुला."

"संध्याकाळपर्यंत थांब," विनोद म्हणाला. "आज शेवटचं बघतो. माळ्यावर कोरडं निघालं की लगेच ट्रंका हलवतो. नाय निघालं तर..." तो वळून धाकूबरोबर बंदराकडे गेला.

गुणवंतीने जवळा डब्यात भरला, झाकण दाबून बसवलं. दोघं वळणाआड दिसेनासे झाल्यावर तिने पदर खोचला आणि कुठेही न धरता भराभर शिडी चढली.

माळ्यावरचं मीठ खडखडीत कोरडं होतं.

वाटी पदराखाली घेऊन ती किनाऱ्यावर गेली. ताडपत्री वर केली, झाकण सरकवलं, खणात उतरली. ट्रंकेवरच्या वाटीत मिठाचं पाणी झालं होतं. तिने ट्रंक उघडली. वरच्या डबीवर हिरवी बुरशी धरली होती. तिने ती पदराने पुसली, आतली सीडी उजेडात धरून बघितली, आणि होती तशी परत ठेवली. मग माळ्यावरची वाटी ट्रंकेवर ठेवली, आणि पाण्याची वाटी, एक थेंब न सांडता, माळ्यावर नेली.